प्रश्न फक्त निधीचा नाहीये
वर कोणीतरी म्हटलंय की शाश्वत शहरांसाठी आंतरराष्ट्रीय संस्थांनी पैसा आणि दिशा दिली की बाकीचं होतंच, मला नाही पटत हे. ब्राझीलमधलं पोर्तो आलेग्रे बघा ना, १९८९ मध्ये ओलिव्हिओ दुत्रा महापौर झाल्यावर तिथे वस्त्यावस्त्यांत सभा भरायला लागल्या आणि गटार आधी की रस्ता आधी हे लोकच ठरवायला लागले, त्यात गरीब वस्त्यांना जास्त वाटा मिळेल असं सूत्रच ठेवलेलं, त्यामुळे पाण्याची, सांडपाण्याची कामं खरंच तिथवर पोचली. मग जगभरच्या शहरांनी ते उचललं, आपल्या पुण्यानेसुद्धा. म्हणजे जगाला वाट दाखवली ती एका नगरपालिकेने!

आणि आपल्याकडे? मुंबईचा क्लायमेट अ‍ॅक्शन प्लॅन मार्च २०२२ मध्ये आला, सी४० या हवामानबदलावर काम करणाऱ्या मोठ्या शहरांच्या जागतिक गटाच्या मदतीने, २०५० पर्यंत नेट झीरो, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषला जाईल, वगैरे, प्लॅन चांगलाच आहे, पण त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत, साडेतीन वर्षांहून जास्त काळ, सगळं राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हातात होतं. तेव्हा नाल्याकाठच्या घरात पाणी शिरलं तर तिथल्या बाईने जाब विचारायचा होता कोणाला? फार त्रास होतो याचा. एरवीही महापौराला कार्यकारी अधिकार नाहीतच, ते आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार.