सत्तेचाळिसाव्या वर्षी लाकडी स्किफ वल्हवायला शिकता येईल का?

प्रश्न
मी मूळची मालवणची, आता स्कॉटलंडमध्ये फाइफच्या किनाऱ्यावर राहते. इथल्या बंदरातली मंडळी दर शनिवारी लाकडी स्किफ, म्हणजे वल्ह्यांची होडी, घेऊन बाहेर पडतात, मलाही बोलावलंय. पोहता येत नाही. आजोबांच्या होडीत खूप बसले, पण मुलींच्या हातात वल्हं देत नसत. जावं का?

उत्तर १
ताई, जाच. मी चार वर्षं फर्थ ऑफ फोर्थच्या खाडीत वल्हवतोय. ही सेंट आयल्स स्किफ असणार: २२ फूट लांब, चौघांकडे एकेक वल्हं, पाचवा सुकाणूवर. फेअर आयल बेटावरच्या जुन्या यॉल होडीवरून इयन ऑट्रेड यांनी तिचा आराखडा केला आणि अ‍ॅन्स्ट्रदरच्या मासेमारी संग्रहालयाच्या पुढाकाराने पहिली होडी २००९ मध्ये पाण्यात उतरली. प्लायवूडच्या कापलेल्या फळ्यांचा संच आणून गावकरी ती स्वतः बांधतात. आमच्या होडीच्या फळ्या घासण्यात माझा एक अख्खा हिवाळा गेला, म्हणून ती वाळूवर खरवडली की माझ्याच पोटात कालवतं.

पोहता येत नाही हे आधीच सांगा. लाइफ जॅकेट पट्टीच्या पोहणाऱ्यालाही लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी सहा-सात अंशांवर असतं, त्यात पडल्यावर कुणाचाही श्वास अडकतो.

आणि हाताने ओढू नका. पाय फळीला रेटा, हात सरळ ठेवा, कंबरेतून मागे जा. पाण्याकडे बघू नका, पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघा. ती वाकली की तुम्ही वाका. एकट्याने जास्त जोर लावला तर होडी वाकडी जाते आणि सुकाणूवाल्याला ती सावरत बसावं लागतं. वल्हं खोल गेलं तर दांडा छातीवर येतो. तेव्हा लगेच ओरडून सांगा, सगळे थांबतात.

उत्तर २
हातमोजे नकोत, पकड सुटते. बोटांना पट्टी गुंडाळा. कंबरेचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्नकर्ती
शनिवारी जाऊन आले! तिसऱ्या जागेवर बसवलं, समोर एका आजींची पाठ. पहिली दहा मिनिटं माझ्या वल्ह्याचा दांडा त्यांच्या पाठीला लागत होता, त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. परतताना बंदराच्या भिंतीपाशी चारही वल्ही एकदम पाण्यात पडली. तो आवाज आजोबांच्या होडीतला होता. अनामिकेखाली मोठा फोड आलाय. पुढच्या शनिवारी पट्टी घेऊन जाणार.