अनुभव धागा : डेटाबेस सांभाळताना

डेटाबेसचे काम करणाऱ्यांनी येथे आपला एखादा प्रसंग लिहावा, नेमके कुठे चुकले आणि ते कसे निस्तरले हे सांगावे, आणि कंपनीचे व ग्राहकांचे नाव मात्र टाळावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

ओरॅकल या डेटाबेस प्रणालीवरील एका टेबलात तीन खात्यांचा शाखा क्रमांक बदलायचा होता. अपडेट, म्हणजे बदलाची आज्ञा, दोन ओळींचे होते. माउसने निवडताना ‘व्हेअर’ची, म्हणजे कोणत्या ओळी बदलायच्या ही अट सांगणारी, दुसरी ओळ सुटली, ऑटोकमिट (बदल लगेच आपोआप कायम करणारी सोय) चालू राहिले होते, आणि पडद्यावर बदललेल्या ओळी म्हणून ३ ऐवजी सहा आकडी संख्या उमटली. पोटात गोळा आला. अंडूमधली, म्हणजे बदलाआधीचे रूप जिथे राहते त्या जागेतली, जुनी माहिती मूळ सेटिंगनुसार ९०० सेकंद, म्हणजे १५ मिनिटेच राखायची असते, हे सुदैवाने लक्षात होते. म्हणून साहेबांना कळवण्याआधी मी फ्लॅशबॅक क्वेरीने पाच मिनिटांपूर्वीचे टेबल वेगळे उतरवून घेतले. (आधी कळवायला हवे होते, असे साहेबांचे आजही मत आहे.) आता त्याच अटीचे सिलेक्ट (ओळी नुसत्या दाखवणारी आज्ञा) चालवून ओळी मोजल्याशिवाय मी अपडेटला हात लावत नाही.

नागपूरहून

माझा अनुभव मराठी नावांचा आहे. एका नोंदणी प्रणालीत नावाचा रकाना ३० लांबीचा होता आणि इंग्रजी नावे त्यात वर्षानुवर्षे सुखाने बसत होती. देवनागरी नावे घेऊ लागल्यावर मात्र ‘ज्ञानेश्वर’ नोंदला गेला आणि ‘ज्ञानेश्वरी’ अडली. ओरॅकलमध्ये वेगळे सांगितले नाही तर अशा रकान्याची लांबी बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या एककात, मोजली जाते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘ज्ञानेश्वर’मध्ये काना, मात्रा आणि हलन्त धरून १० चिन्हे, म्हणजे नेमके ३० बाइट होतात, शेवटच्या वेलांटीने ते ३३ झाले. लांबी अक्षरचिन्हांत मोजण्याची सोय आहे, ती लावली आणि तो प्रश्न मिटला.

त्याहून छळले ते ‘कुऱ्हाडे’ या आडनावाने. त्यातला अर्धा र कोणी ‘ऱ’ला हलन्त जोडून उमटवतो, तर कोणी साध्या ‘र’ आणि हलन्तानंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखेच, पण डेटाबेसच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आजीबाई खिडकीसमोर उभ्या असताना त्यांचे नाव यादीतच नाही, असे सांगण्याची पाळी आमच्या लिपिकावर आली. आता नोंद करतानाच एक रूप ठरवून घेतो. जुन्या नोंदींची साफसफाई अजून संपलेली नाही.

न्यू जर्सीहून

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी येथे पहाटे २ वाजता घड्याळ १ वर येते, त्यामुळे दीड एकाच रात्री दोनदा वाजतो. स्थानिक वेळेनुसार दीडला लावलेली व्याजआकारणी दोनदा झाली. भारतात वाढलेल्या माझ्या हे ध्यानीमनीही नव्हते.

सोलापूर जिल्ह्यातून

मी साखर कारखान्यात आहे. ऐन गळीत हंगामात रात्री अकराला वजनकाट्याची प्रणाली ठप्प झाली. तिथल्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीचा पूर्ण बॅकअप रोज होत होता. परंतु फुल रिकव्हरी मॉडेल या सेटिंगमध्ये तेवढ्याने लॉग, म्हणजे प्रत्येक बदल टिपून ठेवणारी फाइल, रिकामा होत नाही, त्यासाठी लॉगचाच बॅकअप घ्यावा लागतो, आणि तो कोणीच लावलेला नव्हता. लॉगने डिस्क भरून टाकली होती. तोवर बाहेर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली आणि काटेवाल्याने पावत्या हाताने लिहायला घेतल्या. जागा मोकळी करून प्रणाली तासाभरात उठली, पण त्या पावत्या भरायला मला पुढचे दोन दिवस लागले. एकीवर चहा सांडून ट्रॉलीचा नंबर पुसला गेला होता, तो विचारायला शेवटी ट्रॅक्टरवाल्यालाच फोन करावा लागला.