प्रतिसाद: टेबलवरची मंडळी

बास्केटबॉलच्या सामन्यात मैदानालगतच्या टेबलावर बसून घड्याळ आणि गुण सांभाळणाऱ्यांबद्दल वर कुणीतरी 'टेबलवाल्यांना काय, बटण तर दाबायचं' असं लिहिलंय. असं लिहिणाऱ्यांना एकदा २४ सेकंदांच्या घड्याळावर (आक्रमक संघाने तेवढ्या वेळात बास्केटकडे चेंडू फेकायचा असतो) बसवा! चेंडू रिंगला लागून पुन्हा आक्रमक संघाकडेच आला तर घड्याळ १४ वर, प्रतिस्पर्ध्यांनी ताबा घेतला तर २४ वर लावायचं. बचावपटूचा हात लागून नुसता बाहेर गेला तर उरलेले सेकंद तसेच ठेवायचे. हे सगळं क्षणात ठरवायचं. गुणलेखकाचं त्यामानाने शांत, पण खेळाडूचा पाचवा फाऊल (म्हणजे तो सामन्यातून बाद) झाल्याचं पंचांना त्यानेच लगेच कळवायचं असतं.

आणि १९७२ची म्युनिक ऑलिंपिक फायनल? सामन्याचं घड्याळ नीट मागे न घेताच खेळ सुरू झाला, म्हणून शेवटचे ३ सेकंद पुन्हा खेळवले. सोव्हिएत संघ अमेरिकेविरुद्ध ५१-५० जिंकला. अमेरिकनांनी रौप्यपदकं आजवर घेतलेली नाहीत.