‘तआरोफ’ या फारसी शब्दाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : फारसीतून मराठीत भाषांतर करताना ‘तआरोफ’ हा शब्द पावलोपावली अडवतो. कोशांत ‘शिष्टाचार’, ‘औपचारिकता’ असे अर्थ मिळतात. परंतु एका ठिकाणी यजमानीण पाहुण्याला ‘तआरोफ करू नका’ असे म्हणते, तर दुसऱ्या ठिकाणी एक पात्र ‘तो नुसता तआरोफ होता’ असे म्हणून शेजाऱ्याच्या बोलावण्याला जातच नाही. दोन्हीकडे चालेल असा एक मराठी शब्द आहे का? आणि बोलावणे मनापासूनचे आहे की वरवरचे, हे इराणी माणूस कशावरून ओळखतो?

उत्तर : शब्द मूळचा अरबी. ‘जाणणे’ या अर्थाच्या ज्या धातूपासून आपली ‘मारफत’ आणि ‘तारीफ’ आली, त्याच धातूचे हे रूप असून त्याचा मूळ अर्थ ‘एकमेकांना ओळखणे’ असा आहे. उर्दूत तो ‘परिचय’ याच अर्थाने राहिला. इराणमध्ये मात्र त्याचा अर्थ पार सरकला आणि समोरच्याला वर बसवण्याची व स्वतःला खाली उतरवण्याची जी बोलण्या-वागण्याची रीत आहे, तिचे ते नाव झाले.

मराठी वाचकाची येथे एक वेगळीच पंचाईत होते. या रीतीतील निम्मे शब्द आपल्या घरात शतकानुशतके राबत आहेत. त्यामुळे ते कळल्यासारखे वाटतात आणि तेथेच घोटाळा होतो. ‘या’, ‘बसा’, ‘घ्या’, ‘आधी आपण’ या सगळ्यांसाठी इराणी माणूस ‘बेफर्मायीद’ म्हणतो. आपले ‘फर्मान’ आणि ‘फर्मावणे’ याच क्रियापदाचे नातलग आहेत. म्हणजे शब्दशः तो ‘आज्ञा करावी’ असे म्हणत असतो, पण प्रत्यक्षात फक्त दार उघडून उभा असतो. स्वतः काही सांगायचे असले की तो ‘अर्ज’ करतो, स्वतःला ‘बंदा’ म्हणवतो, आणि दाराशी आलेल्याला ‘दर खेदमत बाशीम’, म्हणजे ‘आपल्या खिजमतीत राहू’, असे म्हणतो. मराठीत ‘अर्ज’ कचेरीत गेला आणि ‘खिजमत’ जुन्या दरबारातच राहिली. तेहरानमध्ये ही दोन्ही फाटकापाशी उभ्या-उभ्या बोलण्याची भाषा आहे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. समजा, एका परिचिताने आपल्याला मोटारीने घरी सोडले. फाटकाशी उतरताना आपण ‘वर या, चहा घेऊ’ म्हणायचे आणि त्याने ‘नको, आपल्याला त्रास होईल’ म्हणायचे. आपण पुन्हा म्हणायचे, त्याने पुन्हा नाकारायचे, एकमेकांच्या घरच्यांना सलाम सांगायचे आणि निघायचे. येथे कोणी कोणाला फसवलेले नसते, कारण काय बोलले जाणार हे दोघांनाही आधीच ठाऊक असते. न बोलावणे हा उद्धटपणा ठरला असता आणि पहिल्याच शब्दाला वर जाणे हा उतावीळपणा. बोलावणे खरे असेल तर ते दोन-तीन नकारांनंतरही मागे हटत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला तपशील फुटू लागतात: वार ठरतो, वेळ ठरते, ‘अमुक पदार्थ करणार आहोत, चालेल ना’ अशी विचारणा होते, घरातले आणखी कोणी मध्ये बोलते. माझ्या मते शब्दांच्या गोडव्यापेक्षा हा तपशीलच पाहावा. ‘मी तआरोफ करत नाही बरे का’ या वाक्यावरही विसंबू नये. ते वाक्य हासुद्धा बऱ्याचदा तआरोफच असतो.

पैशांच्या व्यवहारात परक्या माणसाची सर्वाधिक तारांबळ उडते. भाडे किती झाले असे विचारल्यावर टॅक्सीवाला ‘काबेली नदारे’ म्हणतो, म्हणजे ‘ही काही आपल्या योग्यतेची वस्तू नव्हे’. दुकानदारही हेच म्हणतो. यावर ‘खाहेश मीकोनम’, म्हणजे ‘विनंती करतो’, असे म्हणून पुन्हा विचारायचे असते, आणि मग आकडा सांगितला जातो. (तो आकडाही बहुधा तोमानमध्ये असतो, जरी नोटांवर रियाल छापलेले असले तरी, एक तोमान म्हणजे 10 रियाल. हा तआरोफ नव्हे, पण गोंधळ तितकाच होतो.) पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवून आभार मानून चालू लागणाऱ्याला मागून हाक ऐकू येणार, हे उघड आहे.

भाषांतरकाराला हमखास चकवणारे आणखी एक वाक्य म्हणजे ‘जा-ए शोमा खाली’. शब्दशः ‘आपली जागा रिकामी होती’. सहलीचे किंवा मेजवानीचे वर्णन करताना, तेथे नसलेल्या श्रोत्याला हे म्हटले जाते. त्यात ‘आपण आला का नाहीत’ अशी तक्रार नसते आणि ‘आपल्याला बोलवायचे राहिले’ अशी दिलगिरीही नसते. ‘आपण हवे होता’ इतकेच मराठी पुरेसे आहे. त्याचे ठरलेले उत्तर ‘दूस्तान बे जा-ए मा’, म्हणजे ‘आमच्या जागी मित्रमंडळी होतीच’. काही हातात दिले की ‘दस्तेत दर्द नकोने’, म्हणजे ‘तुझा हात न दुखो’. त्याला उत्तर ‘सरेत दर्द नकोने’, ‘तुझे डोके न दुखो’. येथे डोकेदुखी आली म्हणून जाता जाता सांगतो, आपण ‘तसदी घेऊ नका’ म्हणतो त्यातल्या ‘तसदी’चा मूळ अरबी अर्थ डोकेदुखी हाच आहे.

पुरवणी (दुसऱ्या सदस्याकडून) : आपल्या पंगतीतला ‘आग्रह’ हाच याला सरळ प्रतिशब्द नाही का? वाढपी जिलबी घेऊन येतो, आपण दोन्ही हात पानावर आडवे धरतो, तो बोटांच्या फटीतून एक सोडतोच. नकार हा नकार नसतो, हे दोघांनाही ठाऊक असते.

उत्तर : नकाराच्या बाजूने साम्य आहे, देण्याच्या बाजूने नाही. वाढप्याच्या हातात जिलबी असते आणि ती त्याला खरोखरच वाढायची असते. तआरोफमध्ये देणाऱ्याच्या हाती द्यायला काही असेलच असे नाही. त्यापेक्षा, घरात कोणी जेवत असताना माणूस आला की जेवणारा ‘या जेवायला’ म्हणतो आणि येणारा ‘चालू द्या, सावकाश होऊ द्या’ म्हणतो, तो प्रकार जवळचा आहे. तेथे कोणी ताट मांडायला उठत नाही आणि कोणाला राग येत नाही. फक्त आपल्याकडे या प्रकाराला नाव नाही, हीच अडचण.

म्हणून एकच शब्द सर्वत्र बसवण्याचा हट्ट सोडावा. यजमानीण पाहुण्याच्या बशीत काकडी आणि संत्रे ठेवत (तिकडे काकडी फळांच्या परातीतच येते) ‘तआरोफ करू नका’ म्हणते, तेथे ‘संकोच करू नका’ किंवा ‘लाजू नका’ इतकेच हवे. कोणी एखादी गोष्ट तआरोफपोटी मान्य केली असेल तर ‘भिडेखातर’. आणि जेथे पात्रे त्या रीतीविषयीच बोलत आहेत, तेथे ‘तआरोफ’ हाच शब्द ठेवून पहिल्या वेळी अर्धे वाक्य खुलाशाचे घालावे. ‘औपचारिकता’ मात्र टाळावी. तो शब्द कोरडा आहे, आणि तआरोफ बऱ्याचदा चांगलाच ओला असतो.

प्रश्न : मग ‘तोंडदेखले आमंत्रण’ कोठेच चालणार नाही का?

उत्तर : सरसकट चालणार नाही, कारण ‘तोंडदेखले’ म्हणताना आपण दोष देतो आणि साध्या तआरोफमध्ये दोष नसतो. पण फारसीत ‘तआरोफ-ए शाह अब्दोल-अजीमी’ असाही एक वाक्प्रचार आहे, आणि तो नेमका दोष देण्यासाठीच वापरतात. तेहरानच्या दक्षिणेला रेय येथे शाह अब्दोल-अजीम यांचा दर्गा आहे. तेथे जाण्यासाठी 1888 साली तेहरानहून लहानशी रेल्वे सुरू झाली. दर्शन घेऊन परतणाऱ्यांच्या हातात परतीचे तिकीट आलेले दिसले की तेथील लोक मोठ्या अगत्याने ‘आज आमच्याकडेच राहा’ म्हणत, अशी त्या वाक्प्रचारामागची कथा सांगतात. आपल्या मजकुरात हे शब्द आले तर तेथे ‘तोंडदेखले आमंत्रण’ खुशाल लिहावे.