स्क्रूने खुब्याचा गोळा जागेवर आणत नाहीत, आहे तिथे थांबवतात
"स्क्रू टाकून खुब्याचा सरकलेला गोळा परत जागेवर बसवतात" असं इथे वर कुणीतरी म्हटलंय. वाढत्या वयातल्या मुलांत मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा घसरतो, त्या आजाराबद्दल (SCFE) हे आहे, पण बहुतेक मुलांत तसं करत नाहीत. मूल लंगडत का होईना चालू शकत असेल, तर गोळा सहसा आहे तिथेच ठेवून ग्रोथ प्लेटमधून (हाडाची वाढ जिथून होते तो टोकाजवळचा मऊ थर) एक स्क्रू घालतात. गोळा आणखी घसरू नये आणि ग्रोथ प्लेट बंद व्हावी, एवढ्यासाठी. जोर लावून बसवायला गेलं तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायची भीती असते. कुबड्या घेऊनही पाऊल टाकता येत नसेल तर मात्र ती इमर्जन्सी, एक दिवसही थांबू नका.

दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, हे अजून कुणी लिहिलं नाही. माझ्या भाच्याचे 12व्या वर्षी आधी गुडघ्याचेच एक्स-रे काढले, नॉर्मल आले. पुढे एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी त्याला उताणं झोपवून मांडी पोटाकडे वाकवली, तर गुडघा छातीकडे न येता बाहेर वळला. लगेच खुब्याचे एक्स-रे, समोरून आणि पाय बेडकासारखे फाकवूनही. तिथून थेट व्हीलचेअर, चालूच दिलं नाही. ऑपरेशन नीट झालं. दुसरा खुबाही नंतर सरकू शकतो, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत त्याचीही तपासणी चालू ठेवायला सांगितलंय.