तलवार, तांदूळ अन् ख्रिस्ती धर्म: त्या पोस्टले माझं उत्तर

दर्यापूरचा मास्तर:
परवापासून ग्रुपवर एक पोस्ट फिरून राह्यली, की ख्रिस्ती धर्म जगात फक्त तलवारीनं अन् तांदळाच्या पोत्यानं पसरला, अन् जिथं गेला तिथली संस्कृती खाऊन टाकली. लोक मलेच टॅग करून राह्यले, म्हणून लिहितो. अर्धं खरं आहे, अन् त्यानंच डोकं फिरते. पहिले रोमनं या लोकांना छळलं. 313 मध्ये रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइननं मोकळीक दिली, 380 मध्ये बादशहा थिओडोसियसनं तोच राजधर्म केला, अन् मग छळ सोसणारेच छळायला लागले. पण त्याच चौथ्या शतकात इथिओपियात अक्सुमचा राजा एझाना ख्रिस्ती झाला, तिथं कोणाची फौज गेली होती? केरळातले सीरियन ख्रिस्ती तर इतके जुने, की युरोपातल्या लिथुआनियाच्या राज्यानं 1387 मध्ये हा धर्म घेतला तेव्हा यांच्या कित्येक पिढ्या चर्चात जाऊन आल्या होत्या. अन् 1599 मध्ये केरळातल्याच उदयंपेरूरला सभा भरवून या सीरियन ख्रिस्त्यांच्याच पोथ्या जाळायला लावल्या कोणी? पोर्तुगीज ख्रिस्त्यांनी. आता सांगा, धर्म पसरत होता का साम्राज्य?

कट्टर वऱ्हाडी:
सर, तुमी त्यायची वकिली करून राह्यले. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्म तपासायचं कोर्ट, 1560 ले सुरू झालं ते मधी थोडं बंद पडून 1812 पर्यंत चाललं, ते एका ओळीत पण नाही आलं तुमच्या. तिकडं मेक्सिकोतल्या युकातानात दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्यानं 1562 मध्ये तिथल्या मूळच्या माया लोकांच्या पोथ्यांची होळी केली. आता जगात त्यायच्या चारच पोथ्या उरल्या. हे साम्राज्यानं नाही, झगा घातलेल्या माणसानं केलं.

दर्यापूरचा मास्तर:
लांदाचं नाव काढलंच तर पुरं सांगा ना. त्यानंच माया लिपीची नोंद लिहून ठेवली, अन् 1950 नंतर रशियाच्या क्नोरोझोवनं ती नोंद धरूनच लिपी उलगडायला घेतली.

कट्टर वऱ्हाडी:
वा! घर जाळलं अन् नकाशा ठेवला, तर सत्कार करा त्याचा.

पराटीवाला:
तुमी दोघंही पोथ्यांतच अडकले. गुलामगिरीचं बोला. अमेरिकेत दक्षिणेकडचे पाद्री बायबल दाखवून सांगत गुलाम ठेवणं बरोबर, अन् क्वेकर पंथाचे ख्रिस्ती, इंग्लंडचा खासदार विल्बरफोर्स हे बायबलच दाखवून सांगत की पाप आहे. इंग्लंडनं 1807 मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला, 1833 मध्ये गुलामगिरीच बंद करायचा कायदा केला, पण त्यायच्या गिरण्या चालत होत्या गुलामांनीच वेचलेल्या कापसावर!! 1861 ले अमेरिकेत उत्तर-दक्षिण लढाई पेटली, कापूस अडकला, तवा त्यायले वऱ्हाड आठवलं. भाव असा चढला का बोलता सोय नाही, अन् 1865 ले लढाई संपली तसा आपटला. काई बदललं का? मागच्या साली खरेदी केंद्रावर गाडी लावली, ग्रेडरनं बोंड मुठीत दाबलं, मीटर खुपसलं, म्हणे ओलावा जास्त आहे, वाळवून आणा. कुठं वाळवू बाप्पा, डांबरी रोडवर?

खामगावकर:
पण त्याच कापसापायी खामगावले रेल्वे आली, 1870 मध्ये. ते नाही सांगणार.

पराटीवाला:
रेल्वे कापूस न्यायले आली भाऊ, तुले फिरवाले नाही. हिंगणघाटचा बनी कापूस किती नावाजलेला होता, गेला कुठं तो? अन् तू व्यापाऱ्याचा पोरगा, तुले रेल्वे गोड लागनच.

खामगावकर:
बापावर नको जाऊ. अडत कापून पैसे रोख देत होतो तवा गोड लागत होतो.

सावनेरची सून:
कापूस बास करा हो, विषय काय अन् चाललं काय. माझ्या आजीच्या भावाले महारोग झाला तर घरच्यांनीच त्याले वावरातल्या खोपडीत टाकलं, भाकर दुरून ठेवत. परतवाड्याजवळ कोठाऱ्याच्या मिशन दवाखान्यात नेलं, तिथं रोज पाय पाण्यात भिजवत, जाड कातडी घासून काढत, तेल लावत, मंग पट्टी. त्याले कोणी बाटवलं नाही. मरेपर्यंत त्याच्या खिशात गजानन महाराजाचा फोटो होता.

कट्टर वऱ्हाडी:
वहिनी, मान्य. पण सेवा करायले मिशनच लागते असं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी केली, आनंदवनात बाबा आमट्यांनी केली. अन् मी ज्या शाळेत शिकलो तिथं सिस्टर कपाळाचं गंध पुसायले लावत, रोज, साऱ्या वर्गासमोर. ते विसरू का?

भीमनगरचा:
दिवाण, आमटे विसाव्या शतकातले. त्याच्या आधी कोण होतं ते पण सांगा. सारे बाटवले बाटवले करून राह्यले, माणूस आपला धर्म काऊन सोडते हे कोणीच विचारत नाही. बाबासाहेबांनी 1935 मध्ये येवल्यात घोषणा केली, पाद्री पण त्यायच्या मागं होते. तरी 1956 मध्ये नागपुरात बौद्धच झाले. तामिळनाडूत आजही काही गावांत दलित ख्रिस्त्यांले दफनाची जागा वेगळी आहे, म्हणून मास्तरचं कौतुक पण मले पुरं पटत नाही.

दर्यापूरचा मास्तर:
हे खरं आहे, जात चर्चात पण घुसली. पण मिशनरी फक्त बाटवायलेच आले म्हणता, तर नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपचं काय? शाळा काढल्या, खडक अन् जीवाश्म गोळा केले, गोंडांबद्दल लिहून ठेवलं, अन् 1863 मध्ये टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून येताना नदीत वाहून गेला.

कट्टर वऱ्हाडी:
घ्या, हिस्लॉप दिला तुमाले. लिथुआनिया पण ठेवा. आता गोव्यावर एक पॅरा लिहा, तवा तुमाले निष्पक्ष म्हणतो.