हंबकरला स्प्लिट नको, पॅरलल द्या

गोदाकाठ_गिटार:
गेल्या गणपतीत पंचवटीतल्या एका मंडळाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होतो. भावगीताची सुरुवात, फक्त गिटार आणि बासरी. स्वच्छ, बारीक आवाज हवा म्हणून नॉब वर ओढून हंबकर (दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणारा गिटारवरचा भाग) स्प्लिट केला, म्हणजे त्याची एक कॉइल बंद केली, आणि स्टेजवरच्या डिमरची (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) घरघर सगळ्या स्पीकरमधून घुमली. बासरीवाल्याने वळून पाहिलं. ती नजर अजून आठवते.

घरी येऊन त्याच पुश-पुल पॉटवरचे (ओढता-दाबता येणाऱ्या नॉबवरचे) डाख बदलले. आता नॉब ओढला की एक कॉइल बंद पडत नाही, दोन्ही कॉइल सिरीजऐवजी (एकामागे एक) पॅरलल (शेजारी-शेजारी) होतात. चमक जवळपास स्प्लिटइतकीच, घरघर मात्र नाही. लाइनमधली ५० हर्ट्झची गुणगुण एक कॉइल सुलटी पकडते, दुसरी उलटी. दोन्ही चालू असल्या की ती खोडली जाते, मग जोडणी सिरीज असो वा पॅरलल. स्प्लिटमध्ये एक कॉइल बाजूला केली की खोडणार कोण? सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीत असताना १९५५ साली हंबकरच्या पेटंटचा अर्ज केला तो याच गुणासाठी. तोच आपण एका नॉबने घालवतो. ज्यांनी स्प्लिट करून ठेवलंय त्यांनी ते काढून पॅरलल करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सातपूरचा_रिदम:
मला नाही पटलं. समोर ऑक्टापॅड, दोन कीबोर्ड, ढोलकी, आणि आपण गिटारचा आवाज स्वतःहून खाली आणायचा? सिरीजमध्ये दोन्ही कॉइलच्या व्होल्टेजची बेरीज होते, मधल्या सुरांना अंग येतं. मी माझ्या टेलिकास्टर गिटारला चार खाचांचा स्विच बसवून दोन्ही पिकअप सिरीजमध्ये घेतलेत, सोलोला तोच आवाज पुढे येतो. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांसोबत घरी बनवलेली गिटार घ्या. तीन ट्राय-सॉनिक पिकअप, तिन्ही सिरीजमध्ये. तो भरदारपणा पॅरललमधून निघणार नाही.

गोदाकाठ_गिटार:
सोलोसाठी सिरीज हवीच, नॉब खाली दाबला की माझ्याकडेही तीच आहे. पण एक सांगतो, सिरीज म्हणजे मखरावरची दिव्यांची माळ. एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात. एका कॉइलची तार तुटली तर भर कार्यक्रमात गिटार मुकी.

कॉलेजरोड_टोन:
एवढा खटाटोप कशाला? व्हॉल्यूम ७ वर आणा, आवाज आपोआप स्वच्छ होतो. गिटार उघडायलाच नको.

अंबडचा_डाखवाला:
दिवसभर पॅनल वायरिंग आणि संध्याकाळी गिटारी, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

माळेची उपमा तार तुटण्यापुरती ठीक, पण दिवा वीज खातो आणि पिकअप वीज तयार करतो. टॉर्चमधले सेल डोळ्यांसमोर आणा. एकामागे एक लावले की व्होल्टेज वाढतं, शेजारी-शेजारी जोडले की एकाच सेलएवढं राहतं. म्हणून सिरीज जोरदार, हे सातपूरकरांचं बरोबर.

पण फरक नुसत्या जोराचा नाही. परवा एक हंबकर मीटरवर घेतला, सिरीजमध्ये ८ किलोओहम, पॅरललमध्ये बरोबर २. इंडक्टन्सही (बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो विरोध) असाच साधारण चौथाईवर येतो. केबलच्या कपॅसिटन्सबरोबर (विद्युतभार साठवण्याच्या गुणाबरोबर) ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाजात जो उठाव असतो, तो जवळपास दुप्पट वर सरकतो. चमक येते ती तिथून. व्हॉल्यूम कमी करून हे होत नाही, कॉलेजरोडकर. उलट लांब केबल असेल तर ट्रेबल आणखी मरतो. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ मध्ये तीन खाचांच्या स्विचने आली तेव्हा वादक स्विच मधोमध अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचे. फेंडरने पाच खाचांचा स्विच १९७७ मध्ये दिला. ते मधले काचेसारखे आवाज पॅरललचेच.

आता हातातलं काम. पिकअपमधून चार वायरी आणि उघडी शिल्ड (वायरींभोवतीची जाळी) येत असेल तरच हे सोपं. रंग कंपनीगणिक बदलतात: सीमोर डंकनची काळी हॉट (सिग्नलची) आणि लाल-पांढरी एकत्र, डिमार्झिओची लाल हॉट आणि काळी-पांढरी एकत्र, हिरवी दोघांचीही अर्थला. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की फेज उलटते, म्हणजे दोन्ही कॉइल एकमेकींचा आवाज खोडतात, आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज येतो. जुन्या एकाच वायरीच्या पिकअपची टेप मात्र सवय नसताना उकलू नका, आतली तार केसासारखी असते, एकदा तुटली की टोक सापडत नाही.

आणि टेलिकास्टर सिरीज करणाऱ्यांनो, नेक पिकअपचं (गिटारच्या मानेकडच्या) धातूचं झाकण त्याच्या अर्थ वायरीला छोट्या तुकड्याने जोडलेलं असतं. तो तुकडा कापून झाकणाला वेगळी अर्थ द्या. नाहीतर सिरीजमध्ये झाकणच सिग्नलवर बसतं, बोट लागलं की गुणगुण.

सातपूरचा_रिदम:
झाकणाचं कळलं, धन्यवाद. माझ्याकडे बोट लागलं की आवाज येतो, दोन वर्षं मी जॅक बदलतोय. रविवारी गिटार घेऊन येतो. पॅरलल घरच्या छोट्या अँपवर ऐकून काही ठरवणार नाही, ऑक्टापॅडवाल्याला सोबत आणतो. त्याच्यासमोर टिकला तर बसवा.

गोदाकाठ_गिटार:
मीही येतो, माझी गिटार आणि डिमरचा बोर्ड घेऊन.